ओटीतली अक्षरं

शीतपेटी घेऊन आलेला गजेंद्र तिची वायर हातात धरून दारात उभा होता. "पिन कुठं लावू, ताई?"

जागृतीनं विचार केला नाही. खोलीतल्या बोर्डावर मोठ्या पिनेची जागा एकच, आणि तिथं कॉम्प्युटर लावलेला. पडदा काळा होता, म्हणजे बंदच असणार. तिनं पिन उपटली, गजेंद्रनं आपली खुपसली. काचेखाली निजवलेल्या बाबारावांच्या पायाशी मोटर घुरघुरली आणि जमलेल्या बायांना जरा हायसं वाटलं. थोरला धम्मदीप पुण्याहून निघाला होता. तो सकाळी अल्लीपूरला पोचेपर्यंत बापाला ठेवायचं होतं.

गजेंद्र अंगणात चहाला गेला. बायाही एकेक करून बाहेर पडल्या. खोलीत मायलेकी उरल्या.

"तुह्या बाबानं आज लय लिहिलं," पंचफुलाबाई म्हणाल्या. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. "जेवण झाल्यापासून लिहूनच राह्यले होते. मी म्हटलं, काय लिहिता जी? तं मंधातच हासले, अन् तुह्या खाटेकडं बोट केलं. तुह्यासाठीच हाय थे. मंग मानच टाकली."

जागृतीनं जमिनीवर पडलेल्या पिनेकडे पाहिलं. पडदा नुसता विझलेला होता. कॉम्प्युटर चालूच होता.

तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं बाबारावांचा गळा खाल्ला होता. ऑपरेशन झालं, जीव राहिला, आवाज गेला. मोबाईलवर त्यांची जाड बोटं बसेनात, म्हणून जागृतीनं कॉलेजात शिकलेली विद्या लावून हा प्रोग्राम केला होता. बाबा एकेक अक्षर दाबत, ते पडद्यावर ठळक उमटे. निजायच्या आधी जागृती 'बंद' बटण दाबे, की दिवसभराचं बोलणं त्या तारखेच्या फाईलमध्ये जाऊन बसे. पाणी दे. पंखा वाढव. भाजीत मीठ नाही. शेजाऱ्याला एखादी शिवी. आवाज गेला म्हणून माणूस गप्प बसतो, असं थोडंच आहे!

अक्षरं थेट फाईलमध्ये जात नाहीत, हे जागृतीला कॉलेजातल्या सरांनी कापसावरून शिकवलं होतं. वेचणारी बाई एकेका बोंडासाठी ढिगाकडे धावत नाही. कमरेच्या ओटीत टाकत जाते आणि ओटी भरली की ढिगावर रिती करते. प्रोग्रामही आधी अक्षरं ओटीत साठवतो. घरी निघताना ओटी अर्धी असली तरी रिती करायचीच.

"आणि नाही केली तर?" आजच, वर्ध्याच्या प्रॅक्टिकलमध्ये, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला विचारलं होतं.

"ओटीतलं सगळं जातं, सर. फाईल असते, पण कोरी."

परीक्षक खूश झाले होते. त्या आनंदात ती बसमधून उतरली, तर दाराशी या एवढ्या चपला.

घरच्या प्रोग्राममध्ये मात्र ओटी रिती करायची ओळ तिनं फक्त 'बंद' बटणाखाली लिहिली होती. पुढे सुधारू, पुढे सुधारू म्हणत राहून गेलं. इन्व्हर्टर असल्यामुळे लाईट गेली तरी निभायचं, त्यामुळे चूक कधी उघडी पडली नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

"वाच नं," आई म्हणाली.

"उद्या वाचू. दादा आला की."

"उद्या काऊन? त्यायले नेल्यावर? त्यायच्यासमोर वाच."

"आई, त्यासाठी पेटीची पिन काढावी लागन."

पंचफुलाबाईंनी काचेकडे पाहिलं. नवऱ्याची परवानगी घ्यावी तसं क्षणभर थांबल्या.

"काढ. घडीभरानं काई होत नाई त्यायले."

जागृतीनं पिन काढली. घुरघुर थांबली. अंगणातलं बोलणं, कपबश्यांचा आवाज एकदम जवळ आला. कॉम्प्युटर नेहमीसारखा रमतगमत सुरू झाला. आजच्या तारखेची फाईल तिथं होती. सकाळी निघताना तिनंच बाबांना प्रोग्राम लावून दिला होता. फाईलचं नाव दिसलं आणि तिच्या मनात वेडी आशा आली. मग नावापुढे आकाराच्या जागी शून्य दिसलं. तरी तिनं फाईल उघडली.

पांढराशुभ्र पडदा. कोपऱ्यात एक उभी रेघ लुकलुकत होती.

पंचफुलाबाई सरकत तिच्याजवळ आल्या. डोक्यावर पदर घेतला, वंदनेला बसतात तशी मांडी घातली. जन्मात शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. पडद्यावरचा पांढरा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता.

"मंधात हासले होते नं," त्या म्हणाल्या, "थे पहिले वाच."

जागृतीचे ओठ हलले. काचेवर धरलेल्या दवातला एक थेंब बाबांच्या तोंडावरून ओघळत खाली गेला.

"अवं, मशीन कशी बंद पडली?" अंगणातून गजेंद्र ओरडला. "पिन कोनं काढली?"

"मी," जागृती म्हणाली. तिचा आवाज दारापर्यंतही पोचला नाही. "मीच काढली."

"थांब रे बापू घडीभर," आईनं तिच्यासाठी मोठ्यानं सांगितलं. "पोरगी वाचून राह्यली हाय."