टॉवेलाखालचा सौदा

मालक आपल्याच मालाच्या खोडी सांगायला लागला, तसे आकारामचे कान टवकारले. बारा तारांची ती इलेक्ट्रिक गिटार मांडीवर घेऊन इमामभाई बसले होते आणि थांबायचं नाव घेत नव्हते. दोन खुंट्या सरकतात. मधेच आवाज बसतो. खालची पट्टी उचलली आहे. दुरुस्तीला मिरजेला न्यावी लागेल, आणि एवढ्या तारा बघून तिथलेही हात जोडतील.

आकारामचा उभा जन्म शिरोळच्या बाजूला म्हशींची दलाली करण्यात गेला होता. दोन वेळची धार चुकवून कास तुंबवलेल्या म्हशी त्यानं पाहिल्या होत्या. शिंगांना तेल चोपडून तरण्या केलेल्या म्हाताऱ्या पाहिल्या होत्या. पण विकणारा स्वतःच्या तोंडानं खोड सांगतोय, हे काही त्यानं पाहिलं नव्हतं. हा बाबा लहानसहान खोडी सांगून मोठी खोड लपवतोय, अशी त्याची खात्रीच झाली.

गिटारीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. तो आला होता लेकीसाठी. क्रांती कोल्हापुरात नोकरी करायची आणि मैत्रिणींच्या ग्रुपात गिटार वाजवायची. बारा तारांची नवी तिला परवडणारी नव्हती, आणि जुनी शोधण्यात वर्ष गेलं होतं. त्याआधी एकदा ऑनलाइन मागवलेला स्पीकर खोक्यातून मुकाच निघाला होता. पोरीनं ते लाजेनं कितीतरी दिवस घरी सांगितलं नव्हतं. आकारामच्या मनाला ते फार लागलं होतं. या खेपेला तिला फसू द्यायची नाही, एवढं ठरवून तो तिला घेऊन कळंब्यातल्या या घरात येऊन बसला होता.

चहा घेऊन आलेल्या नजीराभाभींना मात्र सौदा आजच उरकायचा होता. गिटारीच्या कोपऱ्यात त्यांची पिको-फॉलची मशीन बसायची होती. ऑर्केस्ट्रा बंद पडल्यापासून सहा वर्षं यांनी तिला हात लावलेला नाही, असं त्यांनी सांगितलं. आपण दिवसभर शाळेत कामाला असतो, हे घरात एकटेच, तरी साधा कोपरा कधी आवरला नाही, असंही वर ऐकवलं. इमामभाई जमिनीकडं बघत राहिले.

आकारामनं ते बरोबर टिपलं. खोक्यावर धुळीचा थर होता, पण गिटारीवर कणही नव्हता. क्रांतीनं वाजवून बघितली, तर तारा सुरात. सहा वर्षं पडून असलेल्या तारांना गंज कसा नाही? चोरीचा माल असणार, कालपरवा आणलेला. त्यानं पावती मागितली. इमामभाईंनी भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं. फोटोत तरणे इमामभाई स्टेजवर उभे होते आणि गळ्यात हीच गिटार होती. चोरीचा संशय फिटला आणि आकारामची पंचाईत झाली. आता संशय घ्यायचा तरी कशाचा?

तिकडं क्रांती भान विसरली होती. गिऱ्हाइकानं आवड तोंडावर दिसू द्यायची नसते, हे बापानं वाटेत बजावलं होतं. ते सगळं वाऱ्यावर गेलं. गिटार परत देताना तिचे हात रेंगाळले.

शेवटी आकारामनं खांद्यावरचा टॉवेल काढला. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून सांगतात, आणि काय ठरलं ते त्या दोघांनाच कळतं. इमामभाईंना ही रीत ठाऊक होती. उजव्या हातानं त्यांनी गिटार घट्ट धरली होती, म्हणून त्यांनी डावा पुढं केला. डाव्या हातानं सौदा कोण करतं? आकारामला तेही खटकलं.

लबाड ओळखायची त्याची एक युक्ती होती. मागेल ती किंमत पहिल्या फटक्यात देऊन टाकायची. लबाड असला तर झडप घालतो. त्यानं टॉवेलाखाली मागितल्याइतकी बोटं दाबली. इमामभाईंच्या हातानं नकार दिला. त्यानं आणखी एक बोट दाबलं. पुन्हा नकार. मागितल्यापेक्षा जास्त मिळतंय आणि माणूस नको म्हणतोय. आकारामनं हात सोडला नाही. सौद्याला लागतो त्याहून जरा जास्तच वेळ त्यानं तो धरून ठेवला. मग टॉवेल झटकून खांद्यावर टाकला.

"ठरलं का?" नजीराभाभींनी विचारलं.

"न्हाय भाभी. माल पार कामातनं गेलाय. फुकट दिला तरी कुणी न्यायचं न्हाय. ऱ्हाऊ द्या घरातच."

क्रांती काही बोलणार होती, पण बापानं डोळ्यांनीच गप्प केलं. आपल्या मालाला अशी नावं ठेवली तर बाजारात माणसं अंगावर धावून येतात. इमामभाईंनी उलट मान डोलावली. नजीराभाभींनी सुस्कारा टाकला आणि मशीन मग खिडकीखाली बसवावी लागेल, म्हणाल्या.

बाहेर मोटरसायकलपाशी येईपर्यंत क्रांतीचे डोळे भरून आले होते.

"आबा, चांगली होती की ती. खोटं कशाला बोललासा?"

आकारामला वाईट वाटलं. पोरीनं एवढा जीव लावलेली वस्तू त्यानंच तिच्या हातची घालवली होती. त्यानं तिचा डावा हात हातात घेतला आणि बोटांची टोकं अंगठ्यानं चाचपली. तारा दाबून दाबून तिथं घट्टे पडले होते.

"म्हैनाभर वाजवलं न्हाय की ही मऊ पडत्यात, तूच म्हणालतीस न्हवं?"

क्रांतीनं मान हलवली.

"त्येची तुझ्यापरास टणक हाईत."