महानंदाबाईंचं इष्टलिंग

लातूरच्या संगमेश्वर सरांच्या योगवर्गात देवसुद्धा समजावून मिळत. शंकराचा तिसरा डोळा म्हणजे एकाग्रता, गळ्यातला नाग म्हणजे कुंडलिनी. महिनाभरात देव म्हणून देव असा कुणी उरतच नसे.

त्यांच्या आईला, महानंदाबाईंना, हे कधी पटलं नाही. त्या रोज सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन त्याच्याकडे बघत बसायच्या. "बस की रे जरा जवळ," म्हणायच्या.

"आई, प्रतीक हाय ते," असं म्हणून सर वर्गाला निघायचे.

चैत्रात आई गेल्या. लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना पद्मासनात बसवून, तळहातावर लिंग ठेवून पुरलं. ते लिंग मात्र सरांनी दुकानातून आणलेलं होतं. आईचं त्यांनी आठवण म्हणून ठेवून घेतलं. प्रतीकच ते, कुठलंही चालतं, असा त्यांचा विचार.

तेव्हापासून ते आईचं लिंग हातावर घेऊन वर्गात ध्यानाला बसत.

एका सकाळी ध्यान संपताना पुढच्या रांगेतल्या सुकन्याताईंनी विचारलं, "सर, तुमच्या हाताखाली दुसरा हात कोणाचा राहतो?"

"डोळे मिटायला सांगितलं होतं ना?"

"मिटलेलेच हायत की. म्हातारा हात हाय. लई थकलाय बघा."

सरांनी खाली पाहिलं नाही.

"आई, चुकलो. घे तुझं," ते पुटपुटले आणि हात पालथा करू लागले.

खालून गार बोटं वर आली आणि दिलेलं न घेता परत करताना मिटवतात, तशी त्यांनी सरांची मूठ लिंगावर मिटवली.