आधी थोरलीचं छप्पर

डोर्सिला स्टूल घेऊन घराच्या दारातच ठाण मांडून बसली. शिडी लावायला तेवढीच जागा होती, त्यामुळे सुतार ओग्वेनो शिडी खांद्यावर घेऊन नुसताच उभा राहिला. अंगणात किसुमू शहरातून आणलेले बारा कोरे पत्रे उन्हात तापत पडले होते.

"सैतानाच्या पैशाचे आहेत ते," डोर्सिला म्हणाली. "माझ्या डोक्यावर नकोत."

अकेयोने कपाळाला हात लावला. ती डोर्सिलाची धाकटी सवत. दोघींचा नवरा जाऊन पाच वर्षं झाली होती, पण अंगण एकच राहिलं होतं आणि भांडणंही तीच. दोन वर्षांपूर्वी गावात मोटारीतून एका मदत संस्थेची माणसं आली. प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याच्या महिन्याला मोबाइलवर पैसे येतील, बारा वर्षं येतील, बदल्यात काही नको, असं त्यांनी सांगितलं. बहुतेकांनी नावं दिली. डोर्सिलाने मात्र त्या माणसांना झाडू घेऊन फाटकापर्यंत पोचवलं. फुकट पैसे घेणाऱ्याच्या पलंगाखाली साप येऊन राहतो, तो नोटा ओकतो आणि एक दिवस घरातलं लेकरू मागतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अकेयोने नाव दिलं. त्या पैशांतून तिने कोंबड्या घेतल्या, दुसऱ्यांच्या शेतावर खुरपायला जाणं सोडलं आणि आता हे पत्रे आणले. खरं म्हणजे छप्पर तिलाच हवं होतं. तिच्या घरावरचं गवत कुजलं होतं आणि त्याच्या ओलीत तिची चार वर्षांची नात अचोला रात्र रात्र खोकायची. पण थोरलीच्या घरावर नवं छप्पर चढल्याशिवाय धाकटीच्या घरावर चढत नाही. ही रीत मोडली की लेकरं वाळत जातात. म्हणून यंदा थोरलीचं करायचं आणि पुढच्या वर्षी आपलं, असं अकेयोने ठरवलं होतं. आणि थोरली काही केल्या हलेना.

"मावशी, रस्त्याकडच्या घरांत आता कोणी पाळत नाही हे," ओग्वेनो म्हणाला. "धाकटीच्याच घरावर ठोकून टाकतो."

"तू गप रे," दोघी एकदमच म्हणाल्या.

डोर्सिला अकेयोकडे वळली. "दोन वर्षांत काय मागितलं त्या लोकांनी तुझ्याकडे?"

"काही नाही, अक्का."

"काहीच नाही?"

"कधीमधी विचारायला येतात, बरं चाललंय का म्हणून."

"बघ. कापायच्या कोंबडीला पण रोज असंच विचारतात."

अकेयोला हसू आलं, पण ते तिने दाबलं. ती थोरलीच्या पायाशी जमिनीवर बसली.

"अक्का, मी या घरात आले तेव्हा मला माझी चूल नव्हती. आठ महिने तुमच्या हातची मक्याच्या पिठाची उगाली खाल्ली मी. आले होते तुमची सवत म्हणून. तेव्हा तुम्ही काय मागितलंत माझ्याकडे?"

"तू खात कुठं होतीस? नुसती रडत बसायचीस मेली."

"काय मागितलंत ते सांगा ना."

डोर्सिला बराच वेळ आठवत राहिली. काहीतरी मागितलं असणारच, असं तिला वाटत होतं. पण आठवेना. पलीकडच्या घरात अचोला खोकायला लागली आणि बराच वेळ थांबली नाही. डोर्सिलाने तिकडे पाहिलं, मग पत्र्यांकडे पाहिलं आणि उठून स्टूल बाजूला सरकवलं.

"ओग्वेनो, एक पत्रा उचल."

"एकच?"

"ऐकू येत नाही का? एकच. माझ्या कोंबड्या बसतात, घराच्या त्या कोपऱ्यावर ठोक. सैतान आलाच तर त्यांना घेऊन जाईल."

ओग्वेनो वर चढला. शेवटचा खिळा बसेपर्यंत डोर्सिला मान वर करून बघत होती. मग तिने कमरेच्या कापडाला हात पुसले.

"झालं. थोरलीच्या घरावर नवं छप्पर चढलं. आता उरलेले सगळे त्या पोरीच्या डोक्यावर घाल."

अकेयोच्या डोळ्यांत पाणी आलं. "एका पत्र्याने काय होतंय, अक्का? पावसात तुम्ही गळक्या घरात झोपणार?"

"गळक्यात कशाला झोपू? तुझ्याकडे येईन की."

ओग्वेनो शिडीवरून हसला. "पण मावशी, तिथं तर सगळे सैतानाचेच पत्रे."

"तोंड सांभाळून बोल," डोर्सिला म्हणाली. "माझ्या धाकटीचे आहेत ते."