गळ्यापर्यंत तयार माणसं

"मिसिसिपीच्या पश्चिमेला कला घेऊन येणारा पहिला माणूस म्हणून इतिहास माझं नाव घेईल," असं अल्फियस टटलने बायकोला लिहिलं, आणि टेबलाखाली बूट चाटणाऱ्या डुकराला लाथ घातली. थंडीमुळे ते घरात घ्यावं लागलं होतं. डुकराने बूट सोडला आणि जवसाच्या तेलाची बाटली आडवी केली. इतिहासाचा कागद तेलात भिजला. टटलने दुसरा घेतला.

पत्र महत्त्वाचं होतं. सहा वर्षांपूर्वी कनेटिकट सोडताना 'वर्षभरात बोलावतो' असं सांगून तो निघाला होता. आता मिसूरी नदीच्या काठी, गॉफ्स लँडिंग नावाच्या गावात, त्याचं ओंडक्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. जूनच्या आगबोटीने डेलिया दोन्ही मुलांना घेऊन येणार की नाही, एवढाच प्रश्न होता. आधीची तीन आमंत्रणं तिने गोड शब्दांत टोलवली होती. तेव्हा या खेपेला आपली योग्यता तिला नीट समजावून द्यायचं त्याने ठरवलं. आपली योग्यता सांगायची तर इतरांची अयोग्यता सांगावी लागते, आणि त्यात टटलचा हात चित्रकलेपेक्षा चांगला चालायचा.

"इथल्या लोकांना चेहरेच नाहीत," त्याने लिहिलं. "बटाट्याला असतात तसे डोळे आहेत, पण तेवढ्याने चेहरा होत नाही."

चेहऱ्यांची त्याला फारशी गरजही नसे. हिवाळ्यात रस्ते बंद झाले की तो घरात बसून धडं रंगवून ठेवायचा. काळा कोट, हातात पुस्तक: पुरुष. काळं रेशीम, लेसची कॉलर: बाई. गळ्यापर्यंत तयार माणसं उन्हाळ्यात गाडीत घालायची, गावोगाव हिंडायचं, आणि गिऱ्हाईक समोर बसलं की वर मुंडकं चढवायचं. लोहार एनॉक प्रुएटची दोन बोटं घणाखाली गेली होती. चित्रात पाचही आली. लोहाराला आनंदाने रडू फुटलं. "दोन बोटं मी त्याला फुकट दिली," टटलने लिहिलं. "अशा लोकांत मी दिवस काढतो आहे."

तेवढ्यात दार ढकलून स्ट्राउडबाई आत आल्या. काखेत चित्र, डोक्यावर बर्फ. गेल्या उन्हाळ्यात त्यांचा नवरा टटलसमोर बसला होता, आणि पानगळीत तापाने गेला होता. त्यांनी तक्रारीचं पत्र लिहिलं होतं. टटलने उलट टपाली कळवलं होतं की कलेची सवय व्हायला वेळ लागतो, रोज पाहत राहावं.

"पाहिलं रोज," बाई म्हणाल्या. "अजून कोणी परकाच माणूस टक लावून बघतोय माझ्याकडे. कपडे बदलायची चोरी झालीय मला, चित्रकारबुवा!"

"बाई, चित्र बघायला नजर लागते."

"चित्राचं सोडा. नवरा ओळखायला कसली आलीय नजर? एकोणतीस वर्षं खरकटी काढलीत मी त्याची. आणि हातात पुस्तक कशाला दिलंत? अंगठा उठवायचा तो."

"मेल्यावर माणूस जरा सुधारतो."

बाई हसल्या नाहीत. "मला एवढंच उरलं होतं त्याचं," त्या म्हणाल्या. "आणि यात तो नाहीच."

"मग राहू द्या भिंतीवर. हळूहळू ओळख होईल."

त्यांनी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि त्या निघून गेल्या. टटलने पत्रात आणखी एक परिच्छेद वाढवला, 'अडाणी बायका आणि कला' या विषयावर. तो त्याला फार आवडला.

उत्तर आलं तेव्हा बर्फ वितळून सगळीकडे चिखल झाला होता. टपाल क्रलच्या दुकानात यायचं. "घ्या, कनेटिकटहून," क्रल म्हणाला. "जाड आहे हो. नाहीच म्हणतायत बहुतेक. नकाराला कागद जास्त लागतो."

टटलने तिथेच लाखेची मोहर फोडली. "येताहेत!" तो ओरडला. "जूनची पहिली बोट!" दुकानात चार माणसं होती, त्यांत कॉफी तोलून घेणाऱ्या स्ट्राउडबाईही. शिकलेल्या घरातली पत्रं कशी असतात हे या लोकांना एकदा कळावं म्हणून तो मोठ्याने वाचू लागला.

"'तुमची पत्रं मी मुलांना वाचून दाखवते. तिथे मूर्खांचा एवढा सुकाळ असेल, तर तुम्हाला एकटं ठेवणं बरं नव्हे. बोटीतून उतरताना मी सामानापाशी थांबेन, मुलं पुढे पळतील. तुम्ही निघालात तेव्हा सायलस दोन वर्षांचा होता, मर्सी पाळण्यात. तुम्ही स्वतः रंगवून पाठवलेलं तुमचं चित्र शेकोटीवर लावलं आहे. झोपताना दोघं त्याला पापा देतात. तो चेहरा त्यांना अगदी पाठ झाला आहे, आणि...'"

टटल थांबला. पुढचं तो मनातल्या मनात वाचू लागला. त्याचे कान लाल झाले.

"थांबलात का? छान चाललं होतं की," स्ट्राउडबाई म्हणाल्या. त्यांनी त्याच्या हातून कागद काढून घेतला, उजेडाकडे धरला, आणि सावकाश, एकही शब्द न गाळता, पुढचं वाचलं:

"'...आणि मला घोर लागलाय तो त्याचाच. धक्क्यावर ती त्या चेहऱ्याचा माणूस शोधतील, आणि देव न करो, सापडला तर त्याच्याबरोबर निघून जातील. तरी कृपा करून लगेच एक नवं चित्र पाठवा. तळहाताएवढं पुरे. काढणारा चित्रकारच हवा असं नाही. फक्त तुम्ही नको.'"