चालू गाडीचा शेरा

"मारा हँडल," शरच्चंद्रपंत म्हणाले.

जगदेवरावांनी मारलं. एकदा, दोनदा, पाच वेळा. सहाव्यांदा हँडलनेच असा उलटा फटका दिला की जगदेवराव थेट तुळशीपाशी जाऊन बसले. गाडीने हूं की चूं केलं नाही.

"पंत, तुम्ही यायच्या आधी घड्याळ लावून वीस मिनिटं चालली! अगं, सांग यांना."

"सगळ्या गल्लीनं ऐकली," शांताताई दारातून म्हणाल्या. "शेजारची म्हैस पान्हा चोरून बसली आहे सकाळपासून."

"चालली असेल. पण मी जे पाहतो, ते लिहितो." पंतांनी रुमालाने बोटं पुसली, रुमालाची घडी कोटाच्या खिशात घातली आणि रजिस्टरात शेरा मारला: चालत नाही, भंगार.

शरच्चंद्रपंत मोटार दप्तरातले तपासनीस. सरळ इतके, की मेव्हण्याच्या सायकलला दिवा नव्हता म्हणून त्याचं नाव स्वतः चौकीवर देऊन आले. तो मेव्हणा तेव्हापासून दिवाळीला येत नाही.

"फिर से एकदा बघा ना, पंत," जगदेवराव गयावया करू लागले. "उद्या मध्य भारत राज्य संपणार, राजधानी भोपाळला जाणार, जुनी यादी बंद होणार. चालूचा शेरा नसेल तर नवा परवाना कोण देणार मला?"

"नियम मला ठाऊक आहेत," पंत म्हणाले. चहाचा घोट घेतला, पायात वहाणा सरकवल्या आणि गेले.

ही गाडी मूळची सरदारांच्या मोटारखान्यातली. जगदेवराव तिथले मिस्त्री. संस्थान विलीन झालं, मोटारखाना मोडला, तेव्हा आठ वर्षांच्या पगारवाढीऐवजी हे जाम इंजिन त्यांच्या दारात ढकलून दिलं गेलं. मोटारखान्याच्या यादीतलं तिचं नाव मात्र कुणी खोडलं नाही. तेव्हापासून दिवसा बिर्ला नगरच्या गिरणीत नोकरी आणि सुट्टीला अंगणात ही. पिस्टनच्या कड्या त्यांनी हाताने घासून बसवल्या. गॅस्केट पलटणीतल्या वडिलांच्या बुटाच्या चामड्यातून कापलं. व्हॉल्व्ह घासायची पूड पाट्यावर वाटली, तेव्हा महिनाभर घरात चटणी झाली नाही. एवढं सगळं एका स्वप्नापायी: ग्वाल्हेर ते शिवपुरी, स्वतःची टॅक्सी. गिरणीच्या भोंग्याला रामराम.

आणि या तपासणीचा काय शाप होता कोण जाणे! तीन महिन्यांत ही तिसरी. पहिल्या वेळी करंट वाटणाऱ्या टोपीतला कोळशाचा एवढासा दांडा नाहीसा झाला. जगदेवरावांनी टॉर्चचा सेल फोडून आतली कांडी घासली आणि नवा केला. दुसऱ्या वेळी ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची स्प्रिंग गेली. तिच्यापायी भिंतीवरच्या घड्याळाचे टोल कायमचे बंद झाले, पण स्प्रिंग झाली. आज बॉनेट पुन्हा उघडून पाहतात, तर टोपीखाली फिरणारा रोटरच गायब.

"कावळा!" जगदेवरावांनी कडुनिंबाकडे मूठ उगारली. "चमकणारं दिसलं की उचलतो."

"कावळ्याला बॉनेट उघडता येतं होय?"

"उघडंच होतं ना! पंतांना हात धुवायला मी पाणी आणायला गेलो, तेवढ्यात डाव साधला हरामखोराने."

"पंतांचा पायगुणच वाईट," शांताताई म्हणाल्या आणि चहाची कपबशी जरा आपटूनच उचलली.

तेवढ्यात समोरचे दौलतसिंह पेढ्यांचा पुडा घेऊन हजर. त्यांची गाडीही त्याच मोटारखान्यातली. तिच्यावर त्यांनी कधी पाना फिरवला नव्हता, तरी ती पहिल्या हँडलला सुरू झाली होती.

"चालू! लाल शाईने लिहिलं पंतांनी," ते म्हणाले. "भाऊ, नसीब लागतं. तुमचं इंजिन द्या लोहाराला, निदान तवे होतील."

जगदेवरावांनी पेढा खाल्ला. तो घशाखाली उतरायला दोन पेले पाणी लागलं.

दुसऱ्या दिवशी शहरभर पताका लागल्या. नवं राज्य, नवा नकाशा. दुपारी गल्लीत एक जीप शिरली. एक अनोळखी साहेब, मागे पाच-सहा ड्रायव्हर आणि हातात यादी. वरून हुकूम होता: मोटारखान्याच्या जुन्या यादीतल्या, चालू शेऱ्याच्या सगळ्या गाड्या सरकारजमा, आजच भोपाळकडे रवाना. हुकूम मोहोरबंद होता. दप्तराबाहेर कुणाला कळता कामा नये, अशी ताकीद तीन महिन्यांपूर्वीच सुटली होती.

दौलतसिंह आडवे पडले, शपथा घातल्या, शेवटी स्टिअरिंगला मिठी मारली. ड्रायव्हरने त्यांना हळूच बाजूला केलं आणि पहिल्याच हँडलला गाडी घेऊन गेला. पाटणकर बाजारातून एकामागे एक अकरा गाड्या गेल्या म्हणतात.

मग साहेब जगदेवरावांच्या अंगणात आले. यादी पाहिली, गाडी पाहिली.

"ये तो कबाड़ है," ते म्हणाले. "जिसका है, वही रखे." त्यांनी नावावर आडवी रेघ ओढली. "अब लिस्ट से भी बाहर. ठीक हो जाए तो परमिट की अर्ज़ी दे देना."

जीप गेली. जगदेवराव पायरीवर बसले. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून त्यांनी उगाच मडगार्ड पुसायला घेतलं.

"तो कावळा देव होता हो," शांताताई म्हणाल्या. "उद्यापासून त्याला रोज घास ठेवीन."

दिवेलागणीला फाटक वाजलं. शरच्चंद्रपंतांच्या पत्नी विजयाबाई फराळाचं ताट घेऊन आल्या होत्या. वर क्रोशाचा रुमाल. शांताताईंनी तो उचलला. चकल्यांच्या मधोमध एक रोटर, एक स्प्रिंग आणि कोळशाचा एवढासा दांडा.

"ह्यांना खोटं लिहिता येत नाही हो," विजयाबाई म्हणाल्या. "म्हणून दर वेळी आधी खरं करून घ्यावं लागलं."