अंगणाची बदनामी

"माझ्या जिवात जीव आहे तोवर या अंगणात कंपनीचं पाऊल पडणार नाही!" तांडेलांनी घराच्या पायरीवरून जाहीर केलं.

नळाशी भांडी घासणाऱ्या बायकोने मान वर करून पाहिलं. "पडलंय," ती म्हणाली. "जाळ्यात अडकलंय. आधी ते सोडवा."

खरंच, वाळत पसरलेल्या जाळ्यात एक चकचकीत बूट गुंतला होता आणि बुटाच्या वर कंपनीचे साहेब उभे होते. एक हात तोल सावरायला हवेत, दुसऱ्याने काळी पिशवी पोटाशी घट्ट धरलेली.

तांडेलांची नजर पिशवीवर खिळली. कागद. दुसरं काय असणार? बंदरात क्रेन आल्या, भिंत आली, भिंतीपलीकडे कोळशाचे डोंगर आले. शेजाऱ्यापाजाऱ्यांची अंगणं एकेक करून त्या भिंतीपलीकडे गेली, आणि दर वेळी आधी असाच एक गोडबोल्या पिशवी घेऊन आला होता. आता जाळी पसरायला, सांधायला हे एवढंच अंगण उरलं होतं. तेही गेलं, की तांडेलांची होडी फक्त आत बसून फोटो काढून घ्यायच्या लायकीची उरणार.

"छान ऊन आहे हो तुमच्याकडे," बूट सोडवत साहेब म्हणाले.

"कसलं ऊन! आज चुकून पडलंय."

साहेबांनी कठड्यावरून बोट फिरवलं आणि ते डोळ्यांजवळ नेऊन निरखून पाहिलं. बांधकाम तपासतोय, तांडेलांनी ओळखलं.

"वारा समुद्राकडूनच येतो ना? भिंतीकडून नाही?"

"चारी बाजूंनी येतो. भरतीचं पाणी तर थेट स्वयंपाकघरात. जमिनीला बारमाही ओल. घेणाऱ्याचं वाटोळंच व्हायचं."

ज्या अंगणाची फुशारकी त्यांनी उभ्या बंदराला ऐकवली होती, त्याची अशी बदनामी करताना तांडेलांनी अंगणाकडे बघायचं टाळलं. पण गडी मागे हटला नाही. "डास तर असे, की माणूस उचलून नेतील."

"आणि साप?" बायकोने नम्रपणे आठवण करून दिली.

"सापही आहेत."

साहेबांचं लक्ष मात्र दोरीकडे होतं. दोरीवर तांडेलांचा गंजीफ्रॉक वाळत होता. पांढराशुभ्र, वाऱ्याने फुगलेला, मालकाला सरळ खोटं पाडणारा. साहेब त्याच्याकडे असे बघत होते, की तांडेलांना उगीचच आपण उघडे असल्यासारखं वाटलं.

"साहेब, पिशवी गळतेय तुमची," बायको म्हणाली.

"कागद भिजले वाटतं," तांडेल समाधानाने म्हणाले.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, भिंतीकडे जरा जास्तच, आणि पिशवी उघडली. आत पिळून ठेवलेले दोन पांढरे शर्ट होते.

"उद्या मोठे साहेब येताहेत," त्यांचा आवाज एकदम खाली आला. "बंदराच्या भरभराटीवर मला भाषण करायचंय. आणि आमच्या क्वार्टरच्या गच्चीत काहीही वाळत घाला, काळं होऊनच निघतं. धुऊन धुऊन हात सोलवटले हो!"

तांडेलांनी शर्ट उलटसुलट करून पाहिले. कागद कुठेच नव्हता. "आणि अंगण? ते कंपनी घेणार ना?"

"वरून विचारणा झालीय. मी कळवणार आहे, बारमाही ओल, भरतीचं पाणी, डास, साप. तुम्हीच सांगितलंत ना?"

"असं का कळवणार?"

"कंपनीने हेही घेतलं, तर मी शर्ट कुठे वाळवू?"

तांडेलांचा विश्वास बसेना. ते बायकोच्या कानाशी लागले. "आज शर्ट आलेत. उद्या पँट येईल, परवा अख्खी कंपनी."

बायकोने हात पुसले आणि गंजीफ्रॉक सरकवून दोरीवर जागा केली.

साहेब जाळं चुकवत, पाय उचलून उचलून टाकत दोरीपाशी गेले. एक शर्ट झटकला, दोरीवर टाकला. मग घुटमळले आणि मागे वळले.

"काकू, चिमटे असतील का?"