लाल नाडीचे बूट

२०१७च्या नाताळात बर्फाने रस्ता बंद झाला आणि एका खेड्यातल्या जुन्या लॉजमध्ये डेस्मंड आणि मी अडकलो. मार्कहॅमच्या घरी नवऱ्याला, मायकलला, चर्चच्या क्वायरचा, म्हणजे गायकवृंदाचा, कार्यक्रम आहे असं सांगून मी निघाले होते. खरं सांगायचं तर रस्ता उघडूच नये असं मला वाटत होतं.

दाराशी बूट काढून ठेवायचा ट्रे होता. नाताळच्या सकाळी त्यात आमच्या बुटांशेजारी तिसरा जोड दिसला. उजव्या बुटाला लाल लोकरीची नाडी होती. नाताळच्या देखाव्यात गोठ्यातल्या बाळ येशूसाठी मी शाल विणली होती, तिच्या उरलेल्या लोकरीची. मायकलच्या बुटात ती मीच ओवली होती.

"कालपासून कुणीच आलेलं नाही," लॉजच्या मालकीणबाई म्हणाल्या.

जेवणानंतर ते बूट जिन्याशी होते. चहाच्या वेळी आमच्या खोलीच्या दाराशी. त्यांच्यावरचा बर्फ आतल्या उबेतही वितळत नव्हता.

"बाहेर नेऊन ठेवतो," डेस्मंड म्हणाला. मी त्याला हात लावू दिला नाही. घरी फोन लावला.

"कार्यक्रम छान झाला ना?" मायकलने विचारलं. "मी घरीच आहे गं. हीटरपाशी बसलोय. पण पायांवरचा बर्फ काही केल्या वितळत नाही."